पाणी एकच, खाती सहा: शहराच्या पाण्यासाठी संस्थांनी एकत्र काम करायचं म्हणजे नक्की काय?

ओलरेघ (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी सोळा वर्षं एका शहराच्या पाणीवाटपात इंजिनिअर म्हणून काम करतेय. शहराचं नाव देत नाही, त्याने काही फरकही पडत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही शहरात थोड्याफार फरकाने असंच असतं.

एका सकाळी तक्रार आली, नळाच्या पाण्याला वास येतोय. मी स्वतः गेले. एका घरी काचेच्या नळीत पाणी घेतलं, डीपीडीची गोळी टाकली, हलवलं, वाट बघितली. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर गुलाबी रंग यायला हवा, आला नाही, पाणी कोरं ते कोरंच. दोन गल्ल्या अलीकडे तीच चाचणी केली तर छान गुलाबी, लिटरला ०.४ मिलिग्रॅम. नळावर निदान ०.२ तरी मिळायलाच हवा. म्हणजे त्या दोन गल्ल्यांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी आत शिरत होतं आणि सगळा क्लोरीन खाऊन टाकत होतं.

कारण सापडायला अकरा दिवस लागले. केबलसाठी खोदाई करताना कुणीतरी ड्रेनेजचा एक पाईप दाबला होता, तो चोंदला, मैला जमिनीत मुरत राहिला, आणि बरोब्बर त्याच्या खाली आमच्या लाईनचा जुना जॉईंट. पाणी सुरू असताना दाबामुळे आतलं बाहेर जातं, पण पुरवठा बंद केला की लाईन रिकामी होते आणि ती बाहेरचं आत ओढते. चोवीस तास पाणी नसलेल्या कुठल्याही शहराची ही दुखरी नस आहे.

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगते. सगळं निस्तरल्यावर मी ड्रेनेजवाल्यांच्या ऑफिसात गेले आणि त्यांचं तक्रार रजिस्टर मागून घेतलं. त्याच गल्लीचं नाव त्यात दोन महिन्यांत नऊ वेळा होतं, 'चेंबर भरून वाहतंय' म्हणून. आमच्या रजिस्टरात तीच गल्ली तीन वेळा, 'वास येतो' म्हणून. दोन रजिस्टरं दोन इमारतींत, मध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. ती शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितलीच नव्हती, मीसुद्धा नाही. त्या गल्लीतली चार मुलं तोवर आजारी पडून गेली होती, बरी झाली, पण ते मनातून जात नाही.

म्हणून विचारतेय. पाणी देणारे, मैलापाणी नेणारे, पावसाचं पाणी बघणारे, रस्तेवाले, आरोग्यवाले, वर धरणवाले, यांनी एकत्र काम करावं असं सगळेच म्हणतात. ते प्रत्यक्षात कुठे जमलंय, कशामुळे जमलंय? तुमचे अनुभव, वाचन, काहीही लिहा.


सांडवा

फार महत्त्वाचा धागा. माझं मत सरळ आहे, सगळं एका छताखाली आणा. सिंगापूरने तेच केलं. २००१ पर्यंत तिथे पिण्याचं पाणी 'पब' या संस्थेकडे होतं आणि मैलापाणी आणि पावसाचं पाणी पर्यावरण मंत्रालयाकडे. २००१ मध्ये हे दोन्ही विभाग 'पब'कडे आले आणि ती एकच संस्था झाली, थेंब पडल्यापासून समुद्रात जाईपर्यंत सगळं तिच्याकडे. त्यानंतर दोन वर्षांत मैलापाणी शुद्ध करून परत वापरायचं 'न्यूवॉटर' सुरू झालं. विचार करा, एका खात्याचं सांडपाणी म्हणजे दुसऱ्या खात्याचा कच्चा माल, हे दोन मंत्रालयांत विभागलेलं असतं तर एवढ्या लवकर झालं असतं का? तुमची दोन रजिस्टरं एकाच टेबलावर आली असती, ओलरेघ.


काठावरचा

सांडवा, सिंगापूरचं उदाहरण बरोबर आहे पण ते पुढेही वाचायला हवं. तिथे बिशान नावाच्या भागात एका बागेच्या कडेने २.७ किमीचा काँक्रीटचा नाला होता, सरळसोट. तो फोडून त्याची ३.२ किमीची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये काम पुरं झालं. आता पाऊस पडला की नदी बागेत पसरते आणि एरवी लोक तिच्या काठाने फिरतात. हे 'पब'ला एकट्याने करता आलं असतं का? नाही, कारण बाग उद्यान खात्याची. म्हणजे पाण्याची सगळी खाती एक करूनही शेवटी शेजारच्या खात्याचं दार वाजवावंच लागलं. पाणी रस्त्यावरून, बागेतून, शाळेच्या मैदानातून, शेतातून जातं. सगळं एका छताखाली आणायचं म्हटलं तर अख्खं शहरच त्या छताखाली आणावं लागेल.

दुसरं म्हणजे मी एका अशाच एकत्र केलेल्या संस्थेत नोकरी केली आहे. लेटरहेड एक झालं, मजले वेगळेच राहिले. तिसऱ्या मजल्यावरचे पाण्याचे लोक पहिल्या मजल्यावरच्या ड्रेनेजवाल्यांशी पत्राने बोलायचे, आणि ते पत्र वर साहेबांकडे जाऊन परत खाली यायचं. चार वर्षं बघितलंय हे.


तुरटी

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे त्यामुळे त्या कोऱ्या नळीचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना एक घटना सांगतेच, कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावची, मे २००० ची. जोराचा पाऊस झाला, जवळच्या शेतातलं शेण पाण्यासोबत मुरून गावाच्या विहिरीत उतरलं, ई-कोलाय हा पोट बिघडवणारा जंतू पाण्यात आला. पाणीपुरवठ्याच्या लोकांनी क्लोरीनच्या नोंदी नीट ठेवल्या नव्हत्या, खोट्याही लिहिल्या होत्या, तो भाग वेगळा. मला जो भाग झोपू देत नाही तो असा, की प्रयोगशाळेला दूषित नमुना सापडला होता आणि तिने रिपोर्ट पाठवलाही होता. फक्त तो पाणीपुरवठ्याला पाठवला. आरोग्य खात्याला नाही, कारण पाठवायला पाहिजे असा नियमच नव्हता. आरोग्य खात्याकडे पोटदुखीचे, रक्ती हगवणीचे पेशंट येत होते, त्यांनी पाणीपुरवठ्याला फोन करून विचारलं, तर उत्तर मिळालं पाणी ठीक आहे. शेवटी आरोग्यवाल्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून प्या म्हणून जाहीर केलं. तोपर्यंत उशीर झाला होता. सात माणसं गेली, साधारण २,३०० आजारी पडली, आणि गाव जेमतेम पाच हजारांचं.

नंतर नियम बदलला, खराब नमुना सापडला की प्रयोगशाळेने थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं. बघा, एवढीच एक ओळ कमी होती. कोणी कोणाला, किती वेळात सांगायचं. माझ्या मते एकत्र काम करणं म्हणजे आधी हे. बाकी मोठमोठ्या योजना नंतर.

आमच्याकडे आता खराब नमुना आला तर मी रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघत नाही. आधी फोन, दोन ठिकाणी, आणि फोन केल्याची वेळ नमुन्याच्या वहीत पेनाने लिहिते.


ओलरेघ

तुरटी, पेनाने लिहिलेली वेळ, हे मी उद्याच सुरू करते. अकरा दिवसांतले पहिले चार दिवस आमचे 'रिपोर्ट येऊ दे' यातच गेले होते.


भूजलवेडा

थोडं लांबलचक लिहितोय, पण या विषयात मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी. तिथे दोन वेगवेगळ्या संस्था, एक भूजल सांभाळणारी आणि एक मैलापाणी बघणारी, आजही वेगळ्याच आहेत, एकत्र केलेल्या नाहीत. भूजलवाल्यांची अडचण ही की उपसा जास्त झाल्यामुळे समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकत होतं, ते थोपवायला किनाऱ्याजवळ गोडं पाणी आत सोडायला हवं होतं. मैलापाणीवाल्यांची अडचण ही की शुद्ध केलेलं पाणी समुद्रात सोडायला आणखी एक मोठी पाईपलाईन बांधायची वेळ आली होती. एकाला पाणी हवं, एकाला नको. दोघांनी खर्च वाटून घेतला आणि २००८ मध्ये प्रकल्प सुरू झाला. मैलापाणीवाले नेहमीची प्रक्रिया करून पाणी कुंपणापलीकडे देतात, भूजलवाले ते बारीक गाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि अतिनील किरण यांतून काढून जमिनीत मुरवतात. सुरुवातीला दिवसाला साधारण २६ कोटी लिटर होतं, २०२३ मध्ये ते ४९ कोटी लिटरवर गेलं.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी परत प्यायचं म्हटल्यावर मैलापाणीवाल्यांचं कामच बदललं. कारखान्याने गटारात काय सोडलं हे आता नुसतं त्यांच्या प्लँटपुरतं राहिलं नाही, ते शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात जाणार. म्हणून कारखान्यांवर उगमाशीच लक्ष ठेवायचं काम मैलापाणीवाल्यांनी अंगावर घेतलं. नामिबियातल्या विंडहोकमध्येही हेच, तिथे १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतात आणि ते शक्य आहे कारण कारखान्यांचं सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळं नेलं जातं. हे फक्त पाणी खात्याने ठरवून होत नाही, शहराचा आराखडा करणाऱ्याने कारखाने कुठे येणार हे ठरवताना साथ द्यावी लागते.

अवांतर: एलिनोर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचा १९६५ चा पीएचडीचा अभ्यास लॉस एंजेलिसच्या अशाच एका भूजल क्षेत्रावर होता. तिथेही खारं पाणी घुसत होतं आणि उपसा करणारे ढीगभर, नगरपालिका, पाणी कंपन्या, कारखाने. कोणी वरून येऊन सगळ्यांना एक केलं नाही. त्यांनी संघटना केली, कोर्टात जाऊन उपशाच्या मर्यादा मान्य करून घेतल्या, आणि 'वॉटरमास्टर' नेमला जो दरवर्षी कोणी किती उपसलं ते सगळ्यांपुढे मांडतो. शेजारी खरंच कमी उपसतोय हे कागदावर दिसलं की आपणही कमी करायला माणूस तयार होतो. मला वाटतं या सगळ्याचा गाभा तोच आहे, आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे.


हिशेबनीस

सगळे तांत्रिक बोलताहेत, मी पैशाचं बोलतो कारण माझं आयुष्य त्यातच गेलंय. संस्था एकमेकांशी भांडतात ती माणसं वाईट असतात म्हणून नाही, काम एकाच्या बजेटमधून होतं आणि फायदा दुसऱ्याला होतो म्हणून. रस्तेवाल्याने रस्ता थोडा खोलगट केला तर पावसाचं पाणी त्यावरून बागेकडे जाईल आणि ड्रेनेजवाल्याची मोठी पाईपलाईन वाचेल. पण रस्तेवाल्याने का करावं? त्याचा खर्च वाढतो, वाचतात ते दुसऱ्याचे.

डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये नेमका हाच पेच होता. २ जुलै २०११ ला तिथे दोन-तीन तासांत जवळपास १५० मिमी पाऊस पडला, तळघरं, रस्ते, हॉस्पिटलं सगळीकडे पाणी. दुसऱ्या वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला, वीस वर्षांत सुमारे तीनशे कामं, बरीचशी जमिनीवरची, म्हणजे रस्ते आणि बागाच पाणी धरून ठेवतील अशी. पण पाण्याच्या बिलातून जमलेला पैसा पाणी कंपनीकडे आणि तो पाईपवर खर्च करायचा, रस्ते-बागा नगरपालिकेच्या. मग देशाचे नियमच बदलावे लागले, पाणी कंपनीला रस्त्यावरच्या आणि बागेतल्या कामातही पावसाच्या पाण्यापुरता वाटा उचलता यावा म्हणून. त्यानंतर झालेली एक बाग, एंगहावे पार्क, ढगफुटीच्या वेळी सव्वादोन कोटी लिटर पाणी पोटात घेते. ही बाग उभी राहिली त्याआधी एक नियम बदलला होता, तो फोटोत दिसत नाही म्हणून इथे लिहितोय.

इक्वाडोरची राजधानी क्विटो, तिचंही सांगतो. तिथे २००० साली पाणी संस्थेने एका निसर्ग संवर्धन संस्थेबरोबर मिळून एक निधी काढला, पाणी संस्था आपल्या उत्पन्नाचे दोन टक्के त्यात टाकते आणि तो पैसा वरच्या डोंगराळ माळांची राखण करायला जातो, जिथून शहराचं पाणी येतं. निधी ऐंशी वर्षांसाठी बांधलेला आहे. महापौर बदलले, अधिकारी बदलले, पैसा येतच राहतो. समन्वयाच्या नुसत्या शब्दाला एका बदलीत विसरता येतं, दोन टक्क्यांच्या ओळीला नाही.


नवशिकी

मी शेवटच्या वर्षाला आहे, पर्यावरण अभियांत्रिकी. आम्हाला 'एकात्मिक नागरी जल व्यवस्थापन' असा एक अख्खा भाग आहे, त्यात गोल गोल बाणांच्या आकृत्या आहेत आणि शेवटी लिहिलेलं असतं की समन्वय समिती नेमावी. प्रश्न असा की समित्या तर सगळीकडे असतात ना, मग त्या चालत का नाहीत? भाबडा प्रश्न वाटला तर माफ करा.


ओलरेघ

नवशिकी, अजिबात भाबडा नाही, हाच खरा प्रश्न आहे. मी अशा तीन समित्यांवर बसले आहे. पहिल्या बैठकीला खातेप्रमुख येतात, दुसरीला त्यांचा हाताखालचा, तिसरीला जो रिकामा असेल तो. त्याला ना आधीचं माहीत असतं ना काही ठरवायचे अधिकार, तो बिचारा 'साहेबांना विचारून सांगतो' एवढंच म्हणू शकतो. इतिवृत्तात लिहिलं जातं 'संबंधित विभागांनी समन्वयाने कार्यवाही करावी'. आता हे वाक्य बघ, यात कर्ता कोण आहे? कोणीच नाही. तारीख? नाही. मी आता इतिवृत्त सहीला आलं की असं वाक्य खोडते आणि म्हणते नाव लिहा, दिवस लिहा. त्यावरून वादही झालेत.

दुसरं म्हणजे समित्या संकट आल्यावर बसतात. ज्याला मी आधी कधी भेटलेच नाही त्याला रात्री दोन वाजता फोन करून 'तुमचा पंप बंद करा' सांगायचं, तो का ऐकेल? आणि ज्याच्याबरोबर चिखलात दोनदा उभी राहिलेय तो 'का' विचारायच्या आधी बंद करतो.


पायवाट

एवढ्या संस्थांची नावं आली पण ज्यांची संस्थाच नाही त्यांचं काय? मी काही वर्षं एका वस्तीत पाण्याच्या प्रश्नावर काम केलंय. तिथे अधिकृत जोडणी नाही, म्हणून त्या घरांचं ग्राहक म्हणून नावच नाही, म्हणून पाणीपुरवठ्याच्या नकाशावर ती जागा पांढरी. आणि नाल्याच्या पुराच्या नकाशावर तीच जागा गडद निळी. हे दोन नकाशे मी एकावर एक ठेवून दाखवले होते एका बैठकीत, ओलरेघच्या दोन रजिस्टरांसारखेच. वस्तीतल्या बायकांना कोणत्या चेंबरमधून आधी पाणी वर येतं, पुढे कुठल्या दारात शिरतं, हे मिनिटाच्या हिशेबाने माहीत होतं. एकीने तर कोळशाने भिंतीवर दर वर्षीची पातळी आखून ठेवली होती, सहा रेघा, सगळ्यात वरची माझ्या खांद्याएवढी. कुठल्याही खात्याकडे इतकी चांगली नोंद नव्हती. त्यांना बैठकीला बोलवा म्हटलं तर विचारलं, कोणत्या संस्थेकडून?

शेतकऱ्यांचंही तेच. शहर म्हणतं शेती पाणी खाते, शेती म्हणते शहर पाणी पळवतं. केप टाऊनमध्ये २०१८ च्या सुरुवातीला नळ बंद करायची वेळ आली होती, माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती, आणि तिथली धरणं शहर आणि शेती दोघांत वाटलेली. त्या फेब्रुवारीत वरच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संघाने आपल्या खासगी धरणांतलं १००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं. हे होऊ शकलं कारण संघ होता, कालव्याने जोडणी होती, बोलायला समोर कोणीतरी होतं. सुट्या सुट्या शेतकऱ्यांशी शहर कसं बोललं असतं?


सांडवा

सगळं वाचलं, काठावरचा आणि भूजलवेडा यांचं बरचसं पटलं. छत एक असून पुरत नाही हे मान्य. पण माझा एक मुद्दा मी सोडणार नाही, फक्त चांगल्या संबंधांवर हे सगळं सोपवू नका. ओलरेघची बदली झाली की काय? तुरटीच्या जागी दुसरं कोणी आलं की वहीत वेळ कोण लिहिणार? इंग्लंडमध्ये २००७ च्या पुरानंतर चौकशी झाली, त्यात दिसलं की रस्त्यावर साचणाऱ्या पावसाच्या पाण्याची जबाबदारी कोणाची हेच स्पष्ट नव्हतं, नदीचं एकाकडे, गटाराचं पाणी कंपनीकडे, रस्त्याच्या कडेचं तिसऱ्याकडे. मग २०१० च्या कायद्यात लिहिलं गेलं की पुराशी संबंधित संस्थांनी एकमेकांना सहकार्य केलंच पाहिजे, माहिती मागितली तर दिलीच पाहिजे, आणि प्रत्येक भागातल्या स्थानिक संस्थेने पूर अडवणाऱ्या किंवा वाढवणाऱ्या बांधकामांची यादी ठेवायची, मालक कोण आणि अवस्था काय यासकट. सहकार्य हे कर्तव्य म्हणून लिहिलं गेलं. कायद्याने मनं जुळत नाहीत हे खरं, पण 'माहिती देता येत नाही' हे उत्तर तरी बंद होतं. माझ्या अनुभवात निम्मी कामं त्या एका उत्तरावर अडतात.


काठावरचा

सांडवा, याला पूर्ण अनुमोदन. आणि उलट बाजूने, कायद्याने जे झालं नसतं त्याचं एक उदाहरण. न्यूयॉर्कचं बहुतेक पाणी दोनशे किमीपर्यंत लांबच्या डोंगरांतून येतं. १९९० च्या सुमाराला शहरापुढे प्रश्न होता, अब्जावधी डॉलर घालून गाळण प्रकल्प बांधा, नाहीतर पाणी उगमाशीच स्वच्छ ठेवा. शहराने आधी अधिकार वापरून वरच्या गावांवर नियम लादायचा प्रयत्न केला, गावं चवताळली. त्यांचा राग जुना होता, शहराच्या धरणांसाठी त्यांची गावं पाण्याखाली गेली होती. काही वर्षं भांडण चाललं आणि १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्राची पर्यावरण संस्था, वरची गावं आणि पर्यावरणवादी संघटना यांनी मिळून करार केला. जमीन घ्यायची ती फक्त जो स्वखुशीने विकेल त्याच्याकडून. गावातल्या सेप्टिक टाक्या दुरुस्त करायच्या त्या शहराच्या पैशाने. शेतकऱ्यांचं शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून जे करायचं ते शेतकऱ्यांच्याच परिषदेमार्फत. तो मोठा गाळण प्रकल्प अजूनही बांधावा लागलेला नाही.

त्या करारातलं 'स्वखुशीने' हे कलम मला फार मोठं वाटतं. शहराची ताकद जास्त होती, जबरदस्तीने जमीन घ्यायचा मार्ग त्याने आधी वापरलेला होता, आणि या वेळी तो बाजूला ठेवला. ताकदवान बाजूने आधी काहीतरी सोडल्याशिवाय दुसरी बाजू टेबलाशी बसत नाही.


नवशिकी

सगळ्यांचे आभार, माझ्या वहीत आता आकृत्यांपेक्षा हेच जास्त आहे. ओलरेघताई, त्या गल्लीच्या घटनेनंतर तुमच्याकडे काही बदललं का?


ओलरेघ

बदललंय, थोडं. मोठी योजना म्हणशील तर काही नाही, ऑर्डर निघालेली नाही, निधी नाही, सांडवा म्हणतात तसं माझ्या बदलीने बंद पडू शकेल इतकं कच्चं आहे म्हणून ते लेखी करून घ्यायच्या मागे आहे. आम्ही दर सोमवारी तीन रजिस्टरं एका टेबलावर ठेवतो, पाणी, ड्रेनेज आणि आरोग्य केंद्राची जुलाबाच्या पेशंटांची. पेशंटांची नावं नाहीत, फक्त गल्ली आणि तारीख. एका छापील नकाशावर तीन रंगांचे ठिपके लावायचे, वीस मिनिटांचं काम. दोन रंग एका जागी आले की त्याच दिवशी दोन्हीकडचा एकेक माणूस तिथे जातो, कागद नंतर. कॉम्प्युटरवरचा नकाशा आहे आमच्याकडे, पण तो ज्याचा त्याच्याकडे, आणि पासवर्डसाठी अर्ज करावा लागतो. ठिपक्यांना नाही लागत.

पहिल्या महिन्यात दोन ठिकाणं सापडली. एका ठिकाणी फेरूल (मुख्य लाईनवरून घराची जोडणी जिथे निघते तो तुकडा) सडलेलं, शेजारीच चोंदलेला चेंबर, कोणी आजारी पडायच्या आत.

खोदाईचं मात्र अडकलं होतं. बऱ्याच देशांत खोदण्याआधी एका नंबरवर कळवायची पद्धत आहे, अमेरिकेत २००७ पासून देशभर ८११ हा एकच नंबर आहे, तुम्ही कळवलं की ज्यांच्या लाईनी खाली आहेत त्यांना निरोप जातो आणि ते येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून देतात. आमच्याकडे परवानगी मिळते पण ती कोणत्या खात्याने दिली हे इतरांना खोदल्यावर कळतं. म्हणून मी माझा आणि ड्रेनेजच्या ज्युनिअर इंजिनिअरचा नंबर एका कागदावर लिहून रस्तेवाल्यांच्या सगळ्या मुकादमांना वाटला. दोन महिने एकही फोन नाही. वाटलं वाया गेलं.


तुरटी

दोन महिने फार नाहीत गं. माझ्या आरोग्य खात्याच्या माणसाने पहिले सहा फोन नुसते 'हो हो' करून ठेवून दिले होते. सातव्याला त्याने उलट प्रश्न विचारला.


ओलरेघ

तुरटी, तुझा प्रतिसाद काल वाचला आणि आज दुपारी फोन आला! रस्त्याच्या मुकादमाचा. म्हणाला मॅडम उद्या चौकाच्या वरच्या अंगाला खोदतोय, तुमची लाईन किती खोल आहे? मी नकाशा काढला, सव्वा मीटर लिहिलेलं. तरी आमच्या जुन्या व्हॉल्व्हमनना विचारलं, तर ते म्हणाले नकाशा जुना आहे, त्यानंतर तिथे रस्ता दोनदा वर चढवलाय, आता पावणेदोन धरा, आणि डाव्या हाताला एक बंद पडलेली लाईन आहे ती बघून फसू नका. तसंच मुकादमाला सांगितलं, त्याने लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. ड्रेनेजवाल्यालाही कळवलंय, त्याचा एक चेंबर तिथे डांबराखाली गाडला गेलाय तो तो शोधतोच आहे. उद्या सकाळी सातला आम्ही चौघं तिथे असू. खडूने खुणा करायच्या आहेत, पाऊस नको यायला.